आडनावाशिवाय चालणारा देश : आइसलँड

"पूर्ण नाव काय?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शाळेत पहिल्या दिवशी विचारला जातो, भाड्याने खोली बघायला गेलो की विचारला जातो, मुलाखतीत विचारला जातो. नाव सांगितले तरी समोरच्याचे समाधान होत नाही. "ते झाले, पण आडनाव?" आडनाव कळले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदल होतो, तो आपल्यातील बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला आहे.

आता असा एक देश डोळ्यांसमोर आणा, जिथे बहुतेक लोकांना आडनावच नाही. राष्ट्राध्यक्षांना नाही, मासेमाराला नाही, प्राध्यापकाला नाही. टेलिफोनच्या डिरेक्टरीतही लोकांची यादी पहिल्या नावानुसार लागायची. पंतप्रधानांनाही लोक सरळ पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यात कोणालाच अपमान वाटत नाही. हा देश म्हणजे आइसलँड. मुंबईपासून आठ हजार किलोमीटरहून अधिक दूर, उत्तर अटलांटिक महासागरात, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित खाली असलेले हे बेट. या देशाच्या रंजक गोष्टी अनेक आहेत. परंतु आपण त्या केवळ सामान्यज्ञान म्हणून वाचू नयेत. त्यातील काही गोष्टी आपल्या रोजच्या जगण्याशी थेट बोलतात.

लहान देश, मोठे बेट

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्याही आत. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात राहतील एवढेच लोक आणि त्यांचा स्वतंत्र देश, स्वतःची संसद, स्वतःची भाषा, स्वतःचे चलन. यातील जवळजवळ दोन तृतीयांश लोक रेक्याविक ही राजधानी आणि तिच्या आसपास राहतात. बेटाचा मधला मोठा भाग निर्मनुष्य आहे. तिथे लाव्हाची पठारे, हिमनद्या आणि दगडगोटे आहेत.

पृथ्वीच्या पोटातील दोन प्रचंड भूपट्ट, एक उत्तर अमेरिकेचा आणि एक युरेशियाचा, या बेटाखालून एकमेकांपासून दूर सरकत आहेत. वेग वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर. त्यामुळे इथे सुमारे तीस जागृत ज्वालामुखी प्रणाली आहेत आणि बर्फाचे थरही आहेत. आग आणि बर्फ एकाच ठिकाणी. २०१० साली एयाफियात्लायोकुत्ल या ज्वालामुखीची राख आकाशात उडाली आणि युरोपभरची विमाने काही दिवस जमिनीवर बसली. जगभरच्या वृत्तनिवेदकांची त्या नावाने बोबडी वळली, हा भाग वेगळा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रिंदाविक हे मासेमारीचे गाव रातोरात रिकामे करावे लागले, कारण गावाच्या खालीच मॅग्मा सरकत होता.

या देशाला स्वतःचे उभे सैन्य नाही. तटरक्षक दल आहे. १९४९ पासून तो नाटोचा संस्थापक सदस्य आहे, पण लष्कर नाही. साधे पोलीस सहसा बंदूक बाळगत नाहीत. पोलिसांच्या गोळीने माणूस मरण्याची पहिली घटना तिथे २०१३ साली घडली आणि पोलीस प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर दुःख व्यक्त केले.

नावाची पद्धत नेमकी कशी आहे?

समजा योन नावाच्या माणसाला एइनार हा मुलगा आणि आन्ना ही मुलगी झाली. मुलाचे नाव एइनार योनसोन, म्हणजे योनचा मुलगा. मुलीचे नाव आन्ना योन्सदोत्तिर, म्हणजे योनची मुलगी. एइनारला मुलगी झाली की ती एइनार्सदोत्तिर. म्हणजे मागचे नाव प्रत्येक पिढीला बदलते. ते घराण्याचे नसतेच. ते फक्त सांगते की तुझे वडील कोण. आईचे नावही लावता येते. प्रसिद्ध फुटबॉलपटू हेइदार हेल्गूसोन यांच्या नावात त्यांच्या आईचे, हेल्गाचे, नाव आहे. २०१९ च्या कायद्यानंतर स्वतःला स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्तींना 'सोन' आणि 'दोत्तिर' ऐवजी 'बुर' म्हणजे अपत्य असा शेवट घेता येतो.

लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. बदलणार तरी कसे? ती नवऱ्याच्या बापाची मुलगी नाही. आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. सावित्रीमाईंचे वडील खंडोजी. आइसलँडच्या पद्धतीने त्या 'सावित्री खंडोजीदोत्तिर' असत्या आणि लग्नानंतरही तशाच राहिल्या असत्या. जोतीराव 'गोविंदसोन' आणि त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत 'जोतीसोन'. एका घरात तीन माणसे आणि मागची तीन नावे. तरीही घर एकच.

आपल्याकडेही ही पद्धत अर्धी आहेच. आपण स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव लिहितो. भीमराव रामजी. आइसलँडचा माणूस इथे थांबतो. आपण पुढे तिसरा शब्द जोडतो आणि त्या तिसऱ्या शब्दात गाव, धंदा, कूळ आणि बहुतेक वेळा जात येऊन बसते.

आडनावाला त्यांनी कायद्याने का रोखले?

आइसलँडमध्ये आडनावे कधीच नव्हती असे नाही. हा देश कित्येक शतके डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता. त्या काळात शिकून आलेले, अधिकारपदावर बसलेले आणि व्यापारात श्रीमंत झालेले काही लोक डॅनिश थाटाची घराण्याची नावे लावू लागले. गावातल्या कुळाला आडनाव नाही आणि साहेबाला आहे, अशी स्थिती तयार झाली. १९१३ साली कायद्याने नवे आडनाव घेण्याची मुभाही दिली. त्यावर तिथे बराच वाद झाला. शेवटी १९२५ साली संसदेने कायदा करून नवीन घराण्याची नावे घेण्यावर बंदी घातली. ज्यांच्याकडे आधीपासून होती, त्यांची राहिली. त्यामुळे आजही थोड्या लोकांना आडनावे आहेत.

या कायद्यामागचे मुख्य कारण भाषेचा आणि परंपरेचा अभिमान हे होते. समतेसाठी तो कायदा झाला असे म्हणणे चूक ठरेल. पण परिणाम असा झाला की माणसाचे नाव ऐकून त्याचे घराणे, त्याची ऐपत, त्याचा दर्जा ओळखण्याची सोय बऱ्याच अंशी संपली. मुलाखतीत समोर बसलेला गुद्मुंदुर योनसोन हा मंत्र्याचा मुलगा आहे की हमालाचा, हे नावावरून कळत नाही.

याच कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाहेरच्या देशातून येऊन आइसलँडचे नागरिकत्व घेणाऱ्यांना अनेक वर्षे स्वतःचे नाव टाकून आइसलँडी नाव घ्यावे लागत असे. ही सक्ती १९९६ साली गेली. म्हणजे ज्या नियमाने आतल्या लोकांमधील अंतर कमी झाले, त्याच नियमाने बाहेरून आलेल्या माणसाची ओळख पुसली. समतेचा कायदा तपासताना तो कोणाला लागू होतो आणि कोणावर लादला जातो, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

तिथे जात नव्हती, पण सालगडी होते

इथे एखादा तरुण म्हणेल, "बघा, आडनाव नाही म्हणून तिथे विषमता नाही." हा निष्कर्ष घाईचा आहे. आइसलँडचा इतिहास नीट वाचला तर वेगळे चित्र दिसते.

नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेहून आलेल्या लोकांनी या बेटावर वस्ती केली. येताना त्यांनी आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणले. आजच्या आइसलँडी लोकांच्या डीएनएच्या अभ्यासातून दिसते की पहिल्या वसाहतीतील पुरुष बहुसंख्येने नॉर्वेकडचे होते, तर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या होत्या. त्यातल्या किती जणी स्वखुशीने आल्या असतील, याचा विचार आपणच करावा.

गुलामगिरी पुढे संपली. पण तिच्या जागी 'विस्तारबांद' नावाची पद्धत रुजली आणि ती चारशे वर्षांच्या आसपास टिकली. जमीन नसलेल्या माणसाने कोणत्या ना कोणत्या शेतकऱ्याच्या घरी वर्षाच्या कराराने चाकरी केलीच पाहिजे, असा तो कायदा. मालक बदलायचा तर वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांतच. गड्याला मालक मासेमारीला पाठवी आणि त्याच्या वाट्याचे मासे मालकाच्या घरात जात. गरिबांनी लग्न करू नये म्हणून नियम होते. स्त्री गड्याचा पगार पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास असे. ज्यांना कोणीच नाही अशी अनाथ मुले आणि म्हातारी माणसे गावाच्या खर्चाने जो कमी पैशांत सांभाळायला तयार होईल, त्याच्या घरी ठेवली जात. तिथे त्यांचे काय हाल होत, हे तिथल्याच लेखकांनी पुढे लिहून ठेवले.

मराठवाड्यात किंवा विदर्भात वाढलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. गुढीपाडव्याला ठरणारा सालगडी आपण पाहिलेला आहे, काहींच्या घरात तो आजोबा होता. साम्य स्पष्ट आहे, पण फरकही नीट समजून घेतला पाहिजे. आइसलँडचा गडी गरिबीमुळे गडी होता. त्याने पैसे जमवले, जमीन मिळवली की तो शेतकरी होई आणि त्याच्या मुलाला कोणी गडी म्हणत नसे. आपल्याकडच्या महारकीत काम जन्माने ठरलेले होते. मेहनत करून त्यातून सुटता येत नव्हते, आणि सुटू पाहणाऱ्याला गाव सुटू देत नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच कारणाने. दारिद्र्य आणि जात या दोन वेगळ्या बेड्या आहेत. आइसलँडच्या गरिबाच्या पायात एक होती, आपल्या पूर्वजांच्या पायात दोन्ही होत्या.

विस्तारबांद कसा संपला, हेही महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात कायदे हळूहळू सैल झाले, १८९४ च्या कायद्याने बरीच मोकळीक मिळाली. त्याच सुमारास मासेमारीची गावे वाढली आणि रोख मजुरी मिळू लागली. गडी गाव सोडून बंदरावर गेले. तिथे त्यांनी संघटना बांधल्या. १९१६ साली त्यांचा देशव्यापी कामगार महासंघ स्थापन झाला. आज आइसलँडमध्ये दहापैकी जवळजवळ नऊ कामगार कोणत्या ना कोणत्या संघटनेचे सदस्य आहेत. जगात इतके मोठे प्रमाण क्वचितच सापडेल. गाव सोडणे, रोख मजुरी आणि संघटना या मार्गाने ते सुटले. 'खेड्यातून बाहेर पडा' हा सल्ला आपल्याला कोणी दिला होता, हे सांगायला नको.

वाचणारा समाज

आइसलँडबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ख्रिसमसच्या आधीच्या काही आठवड्यांत तिथे वर्षभरातील बहुतेक नवीन पुस्तके प्रकाशित होतात आणि २४ डिसेंबरच्या रात्री लोक एकमेकांना पुस्तके भेट देतात. या हंगामाला ते 'पुस्तकांचा पूर' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी वस्तूंच्या आयातीवर बंधने होती, कागदावर मात्र ती कमी होती. म्हणून पुस्तक हीच भेटवस्तू झाली, आणि युद्ध संपले तरी प्रथा राहिली. चार लाखांच्या आतल्या या भाषिक समाजाने हाल्दोर लाक्सनेस यांच्या रूपाने १९५५ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवले आहे.

ही वाचनाची सवय श्रीमंतीतून आलेली नाही. अठराव्या शतकात देश अत्यंत गरीब होता. १७८३ साली लाकी येथे आठ महिने चाललेल्या उद्रेकाने गवत विषारी झाले, निम्म्याहून अधिक जनावरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातील पाचव्या हिश्श्याहून अधिक माणसे गेली. अशा देशात त्याच शतकाच्या मध्यापासून प्रत्येक मुलाला घरीच वाचायला शिकवण्याचा नियम होता. पाद्री घरोघरी फिरून मुलांना वाचता येते का ते तपासत. हिवाळ्याच्या लांब रात्री सगळे घर एका खोलीत लोकर विंचरत, विणत बसे आणि एक जण मोठ्याने वाचे. ऐकणाऱ्यांत मालक असे आणि गडीही असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बहुतेकांना वाचता येत होते.

चर्चचा हेतू धर्मशिक्षणाचा होता, लोकांना स्वतंत्र विचार करायला शिकवावे असा नव्हता. लिहायला तर अनेकांना, विशेषतः मुलींना, पुढे बराच काळ शिकवले जात नव्हते. पण एकदा अक्षर आले की माणूस काय वाचेल यावर पाद्र्याचा ताबा राहत नाही. त्याच काळात आपल्याकडे काय होते? ज्ञान कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे जन्मावर ठरत होते. इथे शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना अक्षरापासून दूर ठेवले होते आणि ती भिंत फोडायला १८४८ साल उजाडावे लागले. गरीब देशही सर्वांना वाचायला शिकवू शकतो, हे आइसलँडने दाखवले. म्हणजे आपल्या पूर्वजांना अक्षर मिळाले नाही त्याचे कारण पैशाचा अभाव नव्हता.

स्त्रियांनी एक दिवस काम थांबवले

२४ ऑक्टोबर १९७५. या दिवशी आइसलँडमधील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी काम केले नाही. कचेरीतले नाही, कारखान्यातले नाही आणि घरातलेही नाही. स्वयंपाक नाही, मुले सांभाळणे नाही. मासळी प्रक्रियेचे कारखाने थांबले, शाळा बंद पडल्या, वडील मुलांना घेऊन कामावर गेले. रेक्याविकच्या चौकात हजारो स्त्रिया जमल्या. त्यांची मागणी साधी होती : आमच्या कामाची किंमत ओळखा.

पुढच्याच वर्षी समान हक्काचा कायदा झाला. पाच वर्षांनी, १९८० साली, विगदिस फिनबोगादोत्तिर या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. लोकशाही निवडणुकीत थेट जनतेने राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलेली ती जगातील पहिली स्त्री. त्या घटस्फोटित होत्या आणि एकटीने मुलगी वाढवत होत्या. लोकांनी त्यांना सोळा वर्षे पदावर ठेवले. २०१८ साली तिथे कायदा लागू झाला की पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेने स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन दिले जाते, हे स्वतः सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे अन्याय झाला हे सिद्ध करण्याचे ओझे कामगार स्त्रीवर न ठेवता, अन्याय होत नाही हे दाखवण्याचे ओझे मालकावर टाकले गेले. मूल झाल्यावर आई आणि वडील दोघांनाही स्वतंत्र पगारी रजा मिळते.

स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक क्रमवारीत हा देश २००९ पासून सलग पहिला आहे. तरीही २४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या स्त्रियांनी पुन्हा दिवसभराचा संप केला आणि त्यात तेव्हाच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर स्वतः सहभागी झाल्या. पहिला नंबर आला म्हणून लढा संपला, असे त्यांना वाटले नाही.

संविधान लोकांनी लिहिले, पण...

आइसलँडची संसद 'आल्थिंगी' इसवी सन ९३० मध्ये थिंगवेलिर या मोकळ्या मैदानात पहिल्यांदा भरली. जगातील सर्वांत जुन्या संसदांमध्ये तिची गणना होते. त्या काळी कायदे लिहिलेले नव्हते. एक 'कायदा सांगणारा' खडकावर उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदे तोंडपाठ म्हणून दाखवी. मात्र निर्णयाचा अधिकार सरदारांना होता. गुलामांना आणि स्त्रियांना नव्हता. आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतके आधी भिक्खू संघात गणपूर्ती, ठराव मांडणे, मतमोजणी यांचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात करून दिली होती. त्यामुळे जगातील 'सर्वांत जुनी लोकशाही' वगैरे वाचताना आपणही आपला इतिहास माहीत करून घ्यावा.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. लोकांची बचत, घरांची कर्जे, चलनाची किंमत सगळेच ढासळले. लोक भांडी आणि चमचे घेऊन संसदेसमोर जमले आणि ती बडवत राहिले. जानेवारी २००९ मध्ये सरकार पडले. पुढे काही बँक अधिकाऱ्यांना तुरुंगात जावे लागले.

त्या असंतोषातून नव्या संविधानाची मागणी आली. त्यांचे चालू संविधान १९४४ चे, पण त्याचा बराचसा सांगाडा डेन्मार्कच्या राजाने १८७४ साली दिलेल्या संविधानाचा. राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष, एवढाच मोठा बदल. २०१० साली सामान्य नागरिकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे सुमारे साडेनऊशे लोक निवडून त्यांची मते ऐकली गेली. मग पंचवीस नागरिकांच्या परिषदेने २०११ मध्ये चार महिन्यांत मसुदा तयार केला. मसुद्याचे भाग इंटरनेटवर टाकले, लोकांनी सूचना केल्या. २० ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी तो मसुदा आधार म्हणून स्वीकारावा असे सांगितले.

आणि तरीही तो मसुदा संसदेने कधीच मंजूर केला नाही. समुद्रातील मासे ही राष्ट्राची सामाईक संपत्ती आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि मासेमारीच्या हक्कांवर ज्यांची श्रीमंती उभी आहे त्यांना ते रुचणारे नव्हते. जनमत बाजूने होते, संसदेतील बहुमत नव्हते. मोर्चे, सभा आणि सोशल मीडियावरचा पाठिंबा यांनी सत्ता आपोआप हातात येत नाही. 'शासनकर्ती जमात' व्हा हा बाबासाहेबांचा आग्रह किती व्यवहारी होता, हे आठ हजार किलोमीटर दूरच्या या उदाहरणातूनही कळते.

गरम पाणी, वीज आणि डास

तिथल्या जवळजवळ नव्वद टक्के घरांना जमिनीतल्या गरम पाण्याने ऊब मिळते. वीज जवळजवळ पूर्णपणे जलविद्युत आणि भूगर्भातील वाफेपासून तयार होते. एकेकाळी रेक्याविकच्या गरीब धुणाऱ्या बायका पाठीवर कपड्यांची ओझी घेऊन बर्फातून तीन-चार किलोमीटर चालत शहराबाहेरच्या गरम झऱ्यांवर जात. १९३० साली त्याच झऱ्यांच्या परिसरातील पाणी नळाने शहरात आणून आधी एक शाळा गरम केली गेली. सुरुवात शाळेपासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अर्थात इथेही दुसरी बाजू आहे. एवढ्या स्वच्छ विजेचा मोठा वाटा अॅल्युमिनियमच्या परदेशी कारखान्यांना जातो आणि त्यासाठी बांधलेल्या धरणांवरून तिथेही आंदोलने झाली.

हवामान बदलाचे चटके तिथेही बसत आहेत. 'ओक' नावाची हिमनदी वितळून संपली आणि २०१९ मध्ये तिच्या जागी स्मृतिफलक लावला गेला. आइसलँड हा डास नसलेला देश म्हणून प्रसिद्ध होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पहिल्यांदाच तीन डास सापडले आणि ती राष्ट्रीय बातमी झाली!

आज तिथे दर पाच-सहा माणसांमागे एक परदेशातून आलेला आहे. सर्वांत जास्त पोलंडचे. हॉटेल, बांधकाम, मासळीचे कारखाने यांतील कष्टाची कामे बहुतांशी तेच करतात आणि त्यांचा पगार बुडवला जातो अशा तक्रारी कामगार संघटना मांडत असतात. थायलंडहून आलेल्या लोकांमुळे तिथे बौद्ध संघटनाही आहे. सरकारकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक धर्मसंस्थेला आणि मानवतावादी संघटनेलाही सदस्यसंख्येनुसार सरकारी निधी मिळतो. लुथरन चर्च मात्र अजूनही संविधानाने मान्य केलेले राष्ट्रीय चर्च आहे.

आपण काय घ्यायचे?

आपल्यातील अनेक तरुण आडनाव टाकतात. कोणी आईवडिलांचे नाव लावतो, कोणी आडनावाच्या जागी काहीच लिहीत नाही. घरचे विचारतात, "याने काय होणार?" आइसलँडच्या उदाहरणावरून प्रामाणिक उत्तर द्यायचे तर असे : आडनावाशिवाय देश शंभर वर्षे व्यवस्थित चालतो. पासपोर्ट निघतो, बँकेत खाते उघडते, वारसाहक्क ठरतो, वंशावळही सापडते. १७०३ साली त्यांनी देशातील प्रत्येक माणसाची नावानिशी जनगणना केली, त्यात भिकाऱ्यांचीही नावे लिहिली. म्हणून आडनाव नसले तर गोंधळ होईल, ही सबब खोटी आहे.

पण दुसरे उत्तरही तितकेच खरे आहे. ज्या समाजात जात डोक्यात आहे, तिथे आडनाव काढले तर लोक गाव विचारतात, गाव सांगितले तर वस्ती विचारतात, वस्ती टाळली तर भिंतीवर कोणाचा फोटो आहे ते बघतात. आइसलँडच्या लोकांना समता नावाच्या पद्धतीने मिळाली नाही. ती त्यांना सर्वांच्या हातात आलेल्या पुस्तकाने, दहापैकी नऊ कामगारांच्या संघटनेने आणि एक दिवस चूल बंद ठेवणाऱ्या बायकांनी मिळवून दिली. जिथे यातले काही कमी पडले, तिथे सार्वमत जिंकूनही संविधान हुकले.

म्हणून आडनाव ठेवायचे की टाकायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय. ठेवणाऱ्याने ते मान वर करून सांगावे. टाकणाऱ्याने त्यावरच थांबू नये. आपल्या वस्तीत वाचनालय सुरू आहे का, आपण काम करतो तिथे संघटना आहे का, आपल्या घरात बहिणीच्या आणि आईच्या कामाची किंमत होते का, हे तीन प्रश्न त्याच दिवशी विचारावेत. आणि पुढच्या वेळी कोणी "पूर्ण नाव काय?" म्हणून विचारले, तर स्वतःचे नाव आणि आईवडिलांचे नाव सांगून शांतपणे थांबून बघावे. समोरच्याला पुढचा शब्द का हवा आहे, हे त्यालाच सांगू द्यावे.